वजनाच्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे: खायचं काय आणि खर्च किती

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची चौकशी करताना सगळ्यांचं लक्ष पॅकेजच्या आकड्यावर असतं. पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयांत तो साधारण तीन ते पाच लाखांच्या दरम्यान सांगितला जातो. खोली कुठली, ऑपरेशन स्लीव्ह प्रकारचं की बायपास आणि जठर टाचणाऱ्या स्टेपलरची काडतुसं किती लागली यावर तो खालीवर होतो. या खर्चाची तयारी लोक महिनोन्‌महिने करतात. घरी आल्यावर पहिले सहा आठवडे काय खायचं आणि त्याला किती पैसे लागतील, हे विचारणारे मात्र फार थोडे. मग मेडिकलमधून, ऑनलाइन, कुणाच्या तरी सांगण्यावरून घाईघाईत खरेदी होते. त्यातलं बरंच कपाटात पडून राहतं आणि ज्या गोष्टींवर खरोखर पैसे घालायला हवेत त्या राहून जातात.

इथे दिलेले भाव शहरातले आणि ठोकळ आहेत, तुमच्याकडे ते थोडे कमीजास्त होतील. खाण्याचा जो तक्ता तुमच्या सर्जनने किंवा डाएटिशियनने हातात दिला असेल तो शेवटचा शब्द. ऑपरेशनचा प्रकार, मधुमेह, मूत्रपिंडाची तब्येत यांनुसार त्यात फरक असतात आणि त्या फरकांना कारणं असतात.

भूक जाते, घड्याळ उरतं

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती शंभर-दीडशे मिलिलिटरची नळी. जठराचा जो वरचा फुगीर भाग जातो, तिथेच घ्रेलिन हे भूक चाळवणारं संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होतं. जपानच्या मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी १९९९ मध्ये ते शोधलं. तो भाग गेला की भुकेची हाकच मंदावते. बायपासमध्ये जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात आणि अन्न थेट आतड्याच्या पुढच्या भागात जातं. त्यामुळे ‘पोट भरलं’ असा निरोप देणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं वाढतात. दोन्ही वाटांनी पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना भूक लागतच नाही.

ज्यांनी आयुष्यभर भुकेशी झगडा केला त्यांना हे सुखाचं वाटतं. पण धोका नेमका इथेच आहे. भूक नाही म्हणून खाल्लं नाही, तहान जाणवली नाही म्हणून प्यायलं नाही, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी चक्कर येऊन पुन्हा रुग्णालय गाठावं लागलं, असं घडतं. शरीरातलं पाणी कमी होणं हे या ऑपरेशननंतर परत भरती व्हावं लागण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. म्हणून या काळात भुकेवर विसंबायचं नाही. मोबाइलवर गजर लावायचा आणि गजर वाजला की घोट घ्यायचा.

भुकेसारखं भासणारं काहीतरी मात्र जाणवू शकतं. छातीखाली कुरतडल्यासारखं होतं, ते पुष्कळदा आम्लामुळे असतं. त्यासाठीच पँटोप्राझोलसारखी गोळी दिलेली असते, ती चुकवू नका. दुसरी भूक सवयीची असते. संध्याकाळी घरातले सगळे पोहे घेऊन बसले की हात आपोआप बशीकडे जातो. त्या वेळी आपला कप घेऊन त्यांच्यातच बसावं. एकट्याला खोलीत बसवून ठेवणं मला क्रूर वाटतं.

चव आणि वासही बदलतात. आमच्या एका वहिनींना ऑपरेशननंतर फोडणीचा वास सहन होईना, जिऱ्याची फोडणी पडली की त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. काहींना चहा नकोसा होतो, तर काहींना गोड दुधाचा कंटाळा येतो. थंड किंवा कोमट पदार्थांना वास कमी येतो म्हणून ते आधी जमतात. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ऑपरेशनच्या आधीच समजावून सांगा, की ‘दोन घास तरी खा’ हा आग्रह या सहा आठवड्यांत प्रेमाचा असला तरी घातक आहे. एक घास जास्त झाला तरी उलटी होते आणि टाक्यांवर ताण येतो.

पहिले दोन आठवडे: पोटातली जागा महाग

रुग्णालयातले पहिले एक-दोन दिवस निवळ द्रव असतात: पाणी, गाळलेलं सूप, निवळ ताक. घरी आल्यावर साधारण दुसरा आठवडा संपेपर्यंत पातळ पण पौष्टिक द्रव. बेत सोपा आहे. दर पंधरा मिनिटांना ३० मिलिलिटर म्हणजे तासाला १२० मिलिलिटर होतात, आणि बारा-तेरा तासांत जवळपास दीड लिटर. त्या दीड लिटरमध्येच रोजची किमान ६० ग्रॅम प्रथिनंही बसवायची आहेत. पहिल्या आठवड्यात एवढं जमत नाही, तेव्हा आधी पाणी पुरेसं जाऊ द्या, प्रथिनं हळूहळू वाढवा.

मापासाठी महागडा ‘बॅरिअॅट्रिक कप सेट’ घेऊ नका. खोकल्याच्या औषधावर येणारं खुणांचं प्लास्टिकचं झाकण धुऊन वापरा. स्ट्रॉ नको, तिच्यातून हवा जाते. सोडा आणि कोल्ड्रिंक तर नकोच.

आता पैशांचा मुद्दा. रुपयामागे प्रथिनं मोजली तर मुगाची डाळ सगळ्यांत स्वस्त. किलोला १३० रुपये धरले तर एक ग्रॅम प्रथिन साधारण ५५ पैशांना पडतं. अंडं साडेसात रुपयांचं, त्यात सहा ग्रॅम, म्हणजे सव्वा रुपया. दुधाचं ग्रॅमला पावणेदोन रुपये, पनीरचं अडीच. २,७०० रुपयांच्या एक किलो व्हे प्रोटीनचे तीस स्कूप आणि स्कूपला २४ ग्रॅम धरले, तर ग्रॅमला पावणेचार रुपये होतात. हा हिशेब पाहून कुणीही म्हणेल, डबा कशाला, वरणाचं पाणी पिऊ.

इथेच गणित फसतं. पहिल्या पंधरा दिवसांत टंचाई पोटातल्या जागेची असते. वाटीभर वरणाच्या निवळीत जेमतेम एक-दोन ग्रॅम प्रथिन उतरतं, तेवढ्याच जागेत पाण्यात मिसळलेला एक स्कूप २४ ग्रॅम देतो. ६० ग्रॅमसाठी वरणाचं पाणी प्यायचं तर दिवसाला पिंपभर लागेल. म्हणून या दोन-तीन आठवड्यांत भाव वाटीमागे काढा, रुपयामागे नको. चौथ्या आठवड्यानंतर, घट्ट पदार्थ सुरू झाले की, हिशेब उलटा करून स्वस्त घरगुती प्रथिनांकडे वळा. पावडरवर आयुष्य काढायचं नाही.

तरी किलोचा डबा ऑपरेशनच्या आधी आणून ठेवू नका. आधी जी चव आवडली तीच नंतर मळमळ आणते, हे इतक्या वेळा घडतं की त्याचा अंदाज धरूनच खरेदी करावी. तीन-चार चवींचे सॅशे आणा, एकेक पिऊन बघा आणि पोटाला मानवेल त्याचाच डबा घ्या. दिवसाला दोन स्कूप धरले तर किलोचा एक डबा दोन आठवडे पुरतो, पहिल्या आठवड्यात कमी लागत असल्याने थोडा जास्तच. बायपासनंतर काहींना दुधातली साखर पचत नाही, पोटात गुडगुडतं, जुलाब होतात. अशांनी ‘आयसोलेट’ प्रकार घ्यावा, तो महाग असतो. डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का, सील शाबूत आहे का हे बघा आणि अर्ध्या किमतीत मिळणारा डबा सोडून द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचं माप फक्त डॉक्टरांनीच ठरवायचं.

ज्यांना पावडर अजिबात जात नाही, त्यांच्यासाठी किराणा दुकानात एक चांगली वस्तू आहे: साय काढलेल्या दुधाची पावडर. तिच्यात शंभराला पस्तीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. शंभर मिलिलिटर गायीच्या दुधात दहा ग्रॅम पावडर विरघळवली की त्याच कपात प्रथिन दुप्पट, जवळपास सात ग्रॅम होतं. तिच्यातही दुधातली साखर असते, हे लक्षात ठेवा. याशिवाय गाळलेलं मुगाचं कढण, ताक, टोमॅटोचं पातळ सार, चिकनचं गाळलेलं सूप. तिखट आणि तेलाचा तवंग नको. नाचणीची आंबील पोटाला बरी वाटते, पण तिच्यात प्रथिन थोडं, तेव्हा तिच्यावर भागवू नका. शहाळ्याचंही तेच. शहरात त्याला साठ-सत्तर रुपये मोजावे लागतात आणि प्रथिन जवळजवळ शून्य. एखादं हौसेने घ्या, रोजचं नको.

दोन स्कूप व्हे, तीनशे मिलिलिटर दूध, सूप, ताक मिळून दिवसाचा खर्च अडीचशे रुपयांच्या आसपास जातो. दोन आठवड्यांचे साडेतीन हजार झाले. याहून फार जास्त होत असेल तर कुठेतरी गरजेपेक्षा जास्त विकत घेतलं जातंय.

तिसऱ्या आठवड्यापासून: खिमट, पिठलं, बोंबील

आता मराठी स्वयंपाकघर कामाला येतं. तान्ह्या बाळाला पहिलं अन्न म्हणून आपण जे करतो, त्यातलं बरंच इथे चालतं, फक्त त्यात डाळ जास्त आणि तांदूळ नावाला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, चमच्यावरून हळूच घसरेल इतपत दाट. मुगाच्या डाळीचं खिमट, कुस्करलेलं मऊ पनीर, मऊ शिजवलेलं अंडं, सैलसर पिठलं, चक्का. चक्का घरी करा. दही कापडात बांधून रात्रभर टांगलं की पाणी निघून जातं आणि त्याच वाटीत प्रथिन दुपटीच्या पुढे जातं. त्यात साखर घालून श्रीखंड करायचं नाही. बायपासवाल्यांना साखरेने घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात. उसाचा रस, बासुंदी, मिठाई या सगळ्यांनी ते होऊ शकतं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ पदार्थ येतात. मासे खाणाऱ्यांसाठी ताजा बोंबील ही देणगी आहे. तो वाफेवर क्षणात शिजतो आणि जवळजवळ चावावा लागत नाही. पापलेट, रावस याच कामाला चालतात, पण किमतीला अनेक पट. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि ताज्या मासळीचे भाव चढतात. पावसाळ्यात ऑपरेशन ठरलं असेल तर अंडी, पनीर आणि चिकनचा खिमा यांचाच हिशेब धरा. शाकाहारी घरांत सोया ग्रॅन्युल्स फार उपयोगी आहेत. सुक्या शंभर ग्रॅममध्ये पन्नासेक ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि भावही परवडणारा, मात्र नीट भिजवून, पिळून, मऊ शिजवून आणि सहाव्या आठवड्याच्या आसपासच.

पोळी, पाव आणि मोकळा भात मात्र सबुरीने. पोळीचा लगदा होऊन नळीत अडकतो, भात आत गेल्यावर फुगल्यासारखा होतो. कित्येकांना हे पदार्थ दोन-तीन महिन्यांनी सोसतात. घरात पोळ्या होत आहेत म्हणून चतकोर खाऊन पाहिला, हे उलटीचं फार नेहमीचं कारण.

खाण्याची रीत पदार्थांइतकीच महत्त्वाची. चहाचा चमचा वापरा, घास शेंगदाण्याएवढा, वीस-पंचवीस वेळा चावलेला. एका जेवणाला वीस ते तीस मिनिटं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. आधी प्रथिन, मग भाजी, मग जागा उरली तर बाकीचं. पोट भरल्याची खूण आता वेगळी असते. छातीच्या मध्यावर दाब, उचकी, अचानक नाक वाहणं, तोंडाला फेसाळ लाळ सुटणं. यातलं काहीही झालं की चमचा खाली ठेवायचा, वाटीत चार चमचे उरले तरी. ते उरलेलं टाकून द्यायला मन धजत नाही म्हणून लोक संपवतात. त्यापेक्षा वाढतानाच अर्धी वाटी वाढा.

गोळ्या: इथे काटकसर नको

या भागाबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे. खाणं इतकं कमी झालेलं असतं आणि बायपासमध्ये शोषणही इतकं घटतं, की जीवनसत्त्वं आणि खनिजं बाहेरून घ्यावीच लागतात, आणि ती आयुष्यभर. दिवसाला १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेही शक्यतो सायट्रेट प्रकारचं. लोह, आणि पाळी चालू असलेल्या स्त्रियांना ते ४५ ते ६० मिलिग्रॅम. ब-१२, ड, थायमिन. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेतलं तर एकमेकांच्या आड येतात, मध्ये दोन तास ठेवा. चहासोबत लोह घेऊ नका.

थायमिन म्हणजे ब-१. त्याचा शरीरातला साठा थोडा असतो आणि सतत उलट्या होत राहिल्या तर काही आठवड्यांत संपतो. मग तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, गोंधळलेपण सुरू होतं, आणि वेळेवर इंजेक्शन मिळालं नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘उलट्या होतच असतात, सवय होईल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

खर्च असा. खास या ऑपरेशननंतरसाठी बनवलेलं मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट आणि ड मिळून महिन्याला साधारण दीड ते अडीच हजार. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून पुष्कळ सर्जन सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड देतात, त्याचे ब्रँडनुसार महिन्याला हजार-दोन हजार. ते आणि पँटोप्राझोल जनऔषधी केंद्रात बरंच स्वस्त मिळू शकतं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. रक्ताच्या गुठळ्या टाळणारी इंजेक्शनं घरीही चालू ठेवायला सांगितली असतील तर दहा दिवसांचे तीन-चार हजार धरा. मोठ्या गोळ्या पहिले काही आठवडे कुटून घ्याव्या लागतात, पण ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेल्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांना पर्याय विचारा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांपासून दूर राहा, विशेषतः बायपासनंतर, कारण त्यांनी जोडणीच्या जागी व्रण होऊ शकतो.

मधुमेह असेल तर साखर पहिल्या दिवसांतच झपाट्याने उतरते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडचा जुना डोस तसाच चालू राहिला तर ती धोकादायक खाली जाते. साखर तपासायच्या पट्ट्यांचा पन्नासचा डबा साधारण हजार रुपयांना मिळतो, दिवसातून तीन-चार वेळा तपासणी धरा. या हजार रुपयांना नाही म्हणू नका. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, गोळ्यांबद्दलही आधीच विचारा.

महिन्याला दीड ते अडीच हजारांच्या गोळ्या आणि वर्षातून एक-दोनदा तीन-चार हजारांच्या रक्ततपासण्या कायम परवडणार आहेत का, हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी घरात बसून बोलायचा आहे. परवडत नसेल तर सर्जनला तसं मोकळेपणी सांगा. शोषण कमी बिघडवणारा प्रकार निवडता येतो का, स्वस्त पर्याय कोणते, हे तेच सांगू शकतात. पैसे नाहीत म्हणून दुसऱ्या वर्षी गोळ्या गुपचूप बंद करण्यापेक्षा हे फार बरं.

कशावर खर्च नको? डिटॉक्स चहा, कोलेजन आणि केसांसाठीची बायोटिनची बाटली. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. वजन झपाट्याने उतरल्यामुळे ते होतं आणि पुरेशी प्रथिनं, लोह गेलं की बहुधा परत येतात.

विमा आणि कागद

विमा नियामक आयआरडीएआयने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळण्यांचे मसुदे एकसारखे केले. त्यानुसार लठ्ठपणाचं ऑपरेशन नाकारलं जाऊ नये यासाठी अटी आहेत: डॉक्टरांचा सल्ला, वय १८ वा जास्त, बीएमआय ४० वा जास्त, किंवा ३५ वा जास्त आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप अॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह यांसारखा आजार. शिवाय आधीचे सौम्य उपाय फसलेले असावेत. वैद्यकीय संघटनांचे २०२२ चे निकष आशियाई लोकांसाठी याहून बरेच खालून सुरू होतात. त्यामुळे डॉक्टर ऑपरेशन सुचवतात आणि विमा कंपनी नकार देते, असं होऊ शकतं. पॉलिसीतला प्रतीक्षाकाळही आधी वाचा.

खाण्याशी थेट जोडलेलं कलम आहे पूरक आहाराचं. जीवनसत्त्वं आणि पूरक पदार्थ विम्यातून वगळलेले असतात, पण रुग्णालयातल्या उपचाराच्या दाव्याचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेले असतील तर तो अपवाद आहे. म्हणून डिस्चार्ज कार्डावर मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम आणि प्रथिन पावडर नावासह, मापासह, किती दिवस तेही लिहून घ्या. मग घरी आल्यानंतरच्या ज्या मुदतीचा खर्च पॉलिसी देते, बहुधा ६० किंवा ९० दिवसांचा, तिच्यात ही बिलं लावून पाहता येतात. मेडिकलचं पक्कं बिल, रुग्णाच्या नावावर, तारखेसह. ऑनलाइन मागवलेल्या डब्याचंही बीजक जपून ठेवा.

सहा आठवड्यांचं सगळं मिळून, म्हणजे खाणं, गोळ्या, इंजेक्शनं, पट्ट्या, डॉक्टरांच्या दोन भेटी धरून, पंधरा ते अठरा हजार रुपये वेगळे काढून ठेवा. त्याखेरीज दहा-पंधरा हजार असे, की ज्यांना हात लावायचा नाही. ताप, नाडीचे ठोके मिनिटाला १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढती कळ, दिवसभर पाणीही पोटात न टिकणं, लघवी अगदी कमी आणि गडद होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता त्याच रुग्णालयात जायचं. रिक्षा, तपासण्या, एका रात्रीचं सलाइन या पैशांतून होईल. डिस्चार्ज घेताना रात्री कुणाला फोन करायचा तो क्रमांक मागून घ्या आणि फ्रिजच्या दारावर चिकटवा, गोळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी.